मोबाइलबंदीचा ठराव कोणासाठी?

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात, बांशी गावच्या ग्रामसभेनं ठराव घेतला: १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. बातमी देशभर गेली. तेव्हापासून विदर्भात कुठंही चार माणसं जमली की हा विषय निघतोच. सप्ताहातलं कीर्तन असो, शाळेतला पालक मेळावा असो की लग्नाच्या मांडवातल्या गप्पा, ‘या डबड्यानं घरं मोडली’ हे वाक्य येतं आणि समोरचे सगळे माना डोलावतात. या एकमताचीच मला काळजी वाटते. माना डोलावणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे पुरुष असतात आणि त्यातल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललेलं असतं, त्या पोरी, सुना आणि शाळकरी पोरं तिथं एक शब्द बोलत नाहीत. त्यांना कोणी विचारतही नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सोशल मीडियानं आपल्या घरांचं नुकसान केलं आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्यांच्या नावानं आपण ओरडतो त्यांच्यापेक्षा ते घरातल्या कर्त्या माणसांच्या हातून जास्त झालं आहे. आणि घरातलं बोलणं मोबाइलनं संपवलं, हे तर खरंच नाही. आपल्या घरांत कोणी बोलायचं आणि कोणी खाली मान घालून ऐकायचं, हे फार आधीपासून ठरलेलं होतं. मोबाइलनं त्या वाटणीला धक्का दिला. म्हणून मोठ्यांना सूट आणि लहानांना, बायांना बंदी असा नियम केला, तर घर बोलतं होणार नाही. जुनी वाटणी तेवढी परत येईल.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे, कारण ते थोडंथोडकं नाही. रात्री एक वाजेपर्यंत रील बघणारं दहावीतलं पोरगं सकाळी पहिल्या तासाला पेंगतं, हे जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. रील संपतच नाही. एक संपायच्या आत दुसरी सुरू होते, आणि तसंच ते ॲप बनवलेलं आहे. चाळिशीतल्या माणसाला जे खाली ठेववत नाही, ते तेरा वर्षांच्या पोराला कसं ठेववणार? ऑस्ट्रेलियासारख्या देशानं १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायलाच मनाई केली. तेव्हा बांशीच्या लोकांना मागासलेले म्हणून हिणवणाऱ्यांनी जरा थांबावं. त्यांची काळजी खरी होती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचंही तसंच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून ते बंद करायचं ठरवलं, पण त्याआधी कापसाचा चुकारा खात्यात पडल्याबरोबर रात्रीतून रमीत गेला, अशी घरं आपल्याला ठाऊक आहेत. फक्त एक लक्षात घ्या. तो चुकारा घालवणारं पोरगं नव्हतं, पोरांचा बाप होता.

आता ‘पूर्वी घराघरांत बोलणं होतं’ या दाव्याकडं येऊ. कोणाचं कोणाशी होतं? आजा ओट्यावर बसून बोलायचा, ते खरं. बाप पारावर तासन्‌तास बोलायचा, तेही खरं. पण बाप पोराशी काय बोलायचा? ‘ढोरं बांधली का’, ‘फी किती’ आणि ‘दिवा मालव’. नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलत नसत. नवऱ्याला निरोप द्यायचा तर लेकराच्या तोंडून. सुनेनं सासऱ्यासमोर आवाज काढला तर ती घराण्यावरची आपत्ती. जात्यावरच्या ओव्यांमध्ये भावाची वाट, माहेरची ओढ आणि सासूचा जाच इतका का भरला आहे? पहाटेच्या अंधारात दगडापुढं जे मोकळं करता येत होतं, ते उजाडल्यावर घरातल्या एकाही जिवंत माणसापुढं बोलायची सोय नव्हती, म्हणून. त्या ओव्यांचं आपण फार कौतुक करतो, आणि करावंच. पण ज्या घरात ऐकणारं कोणी असतं, त्या घरात इतकं दुःख जात्याला सांगावं लागत नाही.

याहून मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे आणि ते मांडताना हात जड होतो. २००६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं, कारण शेतकरी एकामागून एक जीव देत होते. कापसाचा भाव, नापिकी, बँक, सावकार ही कारणं होती आणि आजही आहेत. ती घराच्या माथी मारायचा माझा मुळीच हेतू नाही. पण त्या काळात गेलेल्यांच्या बायकांशी बोला. कर्ज किती होतं, कोणाचं होतं, सातबारा कुठं अडकला होता, हे नवऱ्याचं प्रेत अंगणात असताना पहिल्यांदा कळलं, असं सांगणाऱ्या बाया तुम्हाला आजही भेटतील. एकाच छपराखाली, एकाच भाकरीवर वीस वर्षं काढलेली दोन माणसं, आणि त्यातल्या एकाच्या मनात काय चाललंय याचा दुसऱ्याला पत्ता नाही. तेव्हा आमच्या गावांत ना फेसबुक होतं ना व्हॉट्सॲप. त्या घरांतली शांतता कोणत्या डबड्यानं आणली होती?

मोबाइलनं सगळ्यात जास्त काय बदललं असेल तर लग्न होऊन गेलेल्या लेकीचं आयुष्य. पूर्वी तिला माहेरचा आवाज ऐकायला पोळा नाहीतर दिवाळी यावी लागायची. बाजारच्या दिवशी माहेरच्या गावचं कोणी भेटलं तर ‘मायले सांगजा, मी बरी हाव’ एवढा निरोप, आणि तोही बहुतेक खोटा. आज ती दुपारी भांडी आवरून मायला व्हिडिओ कॉल लावते. डोळे सुजलेले आहेत की नाही, ते मायला दिसतं. हेच कित्येक सासरी खटकतं. ‘दिवसभर मायसंगच बोलून राह्यते, म्हणून संसार टिकत नाही’ हा आरोप समेटाच्या बैठकांमध्ये इतक्या सहज केला जातो की त्यावर कोणी प्रश्नही विचारत नाही. माहेरच्यांचा ऊठसूट हस्तक्षेप कधी कधी नव्या संसारात खोडा घालतो, हे मी नाकारत नाही. रोजचं बारीकसारीक सांगितलं की राईचा पर्वत होतो. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? मार खाऊनही ‘मी बरी हाव’ म्हणणारी ती पिढी. माझ्या लेखी ते पारडं कितीतरी जड आहे.

ही भीती नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात मुली शिकू लागल्या तेव्हा त्यांच्या शिक्षणाविरुद्ध दिलं गेलेलं एक मोठं कारण हेच होतं की लिहिता येऊ लागलं की बाई परपुरुषाला चिठ्ठ्या लिहील. तेव्हा लेखणीला जे म्हटलं, ते आज मोबाइलला म्हणतो. आपल्याच बुलढाण्याच्या लेखिका ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्याच्या निमित्तानं थेट विचारलं होतं की जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? प्रश्न जुना झाला, पण उत्तर अजून आलेलं नाही. पोरगी पळून गेली तर मोबाइलमुळे. पोरगा पळून गेला तर? तेव्हा मोबाइलचं नाव निघत नाही, समोरच्या पोरीचं निघतं.

आणि मोबाइल खरोखर आहे तरी किती जणींच्या हाती? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागात इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बाया होत्या २४.६ टक्के आणि पुरुष ४८.७ टक्के. त्यानंतर आकडे वाढले असतील, पण घरातला चांगला मोबाइल कोणाच्या खिशात असतो आणि जुना, काच फुटलेला कोणाच्या वाट्याला येतो, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. सुनेचा मोबाइल नवरा उघडून बघतो, पोरीचा भाऊ बघतो. बापाचा मोबाइल कोण उघडून बघतं? घरातला पासवर्ड कोणाला विचारता येतो आणि कोणाला नाही, यातच त्या घराची सगळी रचना कळते.

शेजारच्या घरातली एक म्हातारी रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसते. लिहिता-वाचता येत नाही. लेक पुण्याकडं चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट बदलती, त्यामुळं फोन केव्हा लावावा हे तिला कळत नाही. नातवानं तिला हिरव्या गोलातलं माइकचं चित्र दाखवून ठेवलं आहे. ती मोबाइल अगदी ओठांजवळ धरते, अंगठा दाबून ठेवते आणि दर वेळी पहिल्यांदा स्वतःची ओळख करून देते: ‘बाबू, मी माय बोलून राह्यली. तूर सोंगून झाली. तुह्या बापाचा गुडघा लय दुखून राह्यला, पण तू पैसे नको पाठवू. जेवला का बापा?’ अंगठा सुटला की मेसेज अर्धाच जातो; मग ती पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा ‘मी माय बोलून राह्यली’पासून सुरू करते. लेक ते रात्री शिफ्ट सुटल्यावर ऐकतो आणि तसंच बोलून पाठवतो. गावात असताना या मायलेकरांचं एवढं बोलणं होत नव्हतं. हे कुटुंब मोबाइलनं तोडलं की जोडलं? इथलं पोरगं चाकणला, रांजणगावला, सुरतेला जातं ते कोरडवाहू पाच एकरांत दोन भावांचं भागत नाही म्हणून. घरापासून माणूस शेतीनं तोडला. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात एकटा उभा असलेला माणूस बायकोशी बोलत बोलत दारं धरतो, तेव्हा त्याच्या हातातलं तेच यंत्र त्याची सोबत असते.

मग नुकसान कुठं झालं? माझ्या मते सगळ्यात खोल जखम व्हॉट्सॲपच्या स्टेटसनं केली आहे, आणि आश्चर्य म्हणजे तिच्यावर कोणताही कीर्तनकार बोलत नाही. दोन भावांचा धुऱ्यावरच्या कडुनिंबावरून वाद. घरांची भिंत एक. धाकटा सकाळी स्टेटस ठेवतो: सिंहाचं चित्र, खाली ‘वेळ आली की कळतं कोण आपलं, कोण परकं’. अर्ध्या तासात थोरल्याची बायको तसलंच एक तयार चित्र शोधून लावते. मग दोन्ही घरांत, कोणी कोणी बघितलं त्या नावांची यादी दिवसभर उघडून बघणं चालतं. आत्यानं बघितलं पण काही बोलली नाही, म्हणजे ती त्यांच्या बाजूची. मामानं हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं, म्हणजे तो आपला. पूर्वीही भाऊ भांडत. धुऱ्यावर उभे राहून आयामायांचा उद्धार करत, कधी काठ्या निघत. ते काही सुंदर नव्हतं. पण तिथं बोलणारा माणूस समोर होता आणि बोललेलं त्याच्या तोंडचं होतं. संध्याकाळी काका दोघांना बसवून म्हणू शकत होता, ‘तू असं बोलला, आता मागं घे.’ २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तीही याच गृहीतावर की दोन्ही बाजू समोरासमोर बसतील. स्टेटसच्या भांडणात गावची तंटामुक्ती समिती काय करणार? ‘मी कोणाचं नाव घेतलं का?’ एवढं म्हटलं की विषय संपला. ज्या टोमण्यावर कोणाचं नावच नाही, तो मागे घेता येत नाही आणि त्याची माफीही मागता येत नाही. अशी भांडणं मिटत नाहीत, आत मुरतात. आणि ही करणारी माणसं कोण? १८ वर्षांखालची नाहीत. कर्ती, शेती सांभाळणारी, लेकरांची लग्नं जमवायला निघालेली माणसं आहेत.

भावकीच्या ग्रुपचंही तेच. बारशाचे फोटो, बायोडाटे आणि तेराव्याची वेळ यासाठी काढलेला ग्रुप निवडणूक आली की रणांगण होतो. आरक्षणाच्या वादात तर एकाच गावातले, एकमेकांच्या बैलजोडीवर पेरणी केलेले लोक एकमेकांच्या जातीवर जे पाठवू लागले, ते समोर बसून कधी बोलले नसते. एखादा ग्रुपमधून बाहेर पडतो, आणि ते सगळ्यांना एका ओळीत दिसतं. मग त्याच्या घरचं लग्नाचं जेवणही टाळलं जातं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच माणसांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूरकडची ती माणसं होती. त्या दिवसांत अशा अफवांचे व्हिडिओ मोबाइलवरून गावोगाव फिरत होते, आणि ते फिरवणारी पोरंटोरं नव्हती; आपली मुलं सुरक्षित राहावीत म्हणून घाबरलेले आईबाप होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं जाहीर केलं की भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढं पाठवता येणार नाही. २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती मर्यादा एकावर आणली. म्हणजे दाब आला की यंत्राच्या मालकाला यंत्र बदलता येतं. मग आपला सगळा दाब दहावीतल्या पोरावरच का?

बंदीनं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲप बंद केली. आपल्याकडच्या खेड्यांतली कितीतरी पोरंपोरी तिथं नाचत, गात, वऱ्हाडीत नकला करत होती. काही आठवड्यांत तीच पोरं रील करू लागली. ॲप गेलं, सवय तिथंच राहिली. आणि त्याच वर्षी शाळा बंद झाल्यावर अभ्यास मोबाइलवर आला. बकरी विकून मोबाइल घेणारे बाप तेव्हा चांगले पालक ठरले होते. आजही शाळेची सूचना, गृहपाठ, शिष्यवृत्तीचा फॉर्म ग्रुपवरच येतो. एका हातानं मोबाइल द्यायचा, दुसऱ्या हातानं तो पापाचं मूळ म्हणून हिसकावायचा, यातून पोरांना एवढंच कळतं की मोठ्यांना नियम नसतात.

बांशीच्या ठरावाच्या तीन महिने आधी, १५ ऑगस्ट २०२२ पासून, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं दुसरा रस्ता धरला. संध्याकाळी सातला देवळावर भोंगा वाजतो, साडेआठला पुन्हा वाजतो. मधला दीड तास घरातले मोबाइल आणि टीव्ही बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलायचं. दोन ठरावांतला फरक वयाच्या आकड्याचा वाटेल, पण तो त्याहून मोठा आहे. एका गावात नियम फक्त पोरांना लागू, दुसऱ्यात सासऱ्याच्या बातम्या आणि सासूची मालिका यांनाही. पोरगं नियम पाळतं ते बापाचा मोबाइल फळीवर ठेवलेला दिसतो म्हणून. आणि वडगावात निर्णयाआधी गावातल्या बायांची सभा झाली होती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कोणी म्हणेल, सांगलीकडचं इथं चालणार नाही. इथं संध्याकाळी सातला माणूस वावरातून यायचा असतो. वेळ बदला की. विदर्भाला संध्याकाळी एकत्र बसणं काय असतं हे शिकवावं लागत नाही. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारला आणि पुढं सामुदायिक प्रार्थना गावोगाव गेली. पाटील आणि सालदार एका सतरंजीवर बसत, खंजिरीवर भजन होई, मग गावाच्या सफाईची, दारूची, भांडणांची चर्चा होई. ती सवय कोणाला दंड करून लागली नव्हती. तिथं येऊन बसावं असं काहीतरी होतं. आज पोरांनी मोबाइल ठेवून द्यावा म्हणतो, तर त्याला उठून जायला गावात जागा कोणती आहे? वाचनालयाच्या खोलीत खताच्या थैल्या, मैदानावर अतिक्रमण. आणि पोरींसाठी तर दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर एकही जागा नाही. तिची पूर्ण दुनिया त्या पाच-सहा इंचांत आहे, आणि आपण तीही मागतो आहोत.

तेव्हा ज्या ज्या गावात हा ठराव येतोय, तिथल्या सरपंचांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, कायदाच तसं सांगतो. बहुतेक गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते. या विषयापुरती तरी ती खरी घ्या, आणि कारभारणीच्या खुर्चीमागं कारभारी उभा नसेल एवढं बघा. घरात मोबाइलमुळे नेमका त्रास कशाचा होतो, ते बायांना आणि मोठ्या पोरींना सांगू द्या. पोराच्या रीलचा होतो की नवऱ्याच्या रमीचा, जावेच्या स्टेटसचा की रात्री-बेरात्री मोबाइल तपासणाऱ्या भावाचा, ते त्याच सांगतील. त्या जे सांगतील ते ठरावात पहिल्या कलमात लिहा, आणि १८ वर्षांखालच्यांचं कलम त्याच्या खाली घ्या.